घर नेमकं कुठलं? फ्लॅट, रो हाउस, बंगला, वाडा इंग्रजीत सांगण्याची पद्धत, टप्प्याटप्प्याने

परदेशात शिकायला किंवा राहायला जाणाऱ्यांसाठीच्या आयेल्ट्स या इंग्रजी परीक्षेतल्या स्पीकिंगचा पहिला भाग ४ ते ५ मिनिटांचा असतो आणि त्यात घराबद्दल विचारलं जाण्याची शक्यता दाट असते. 'डू यू लिव्ह इन अ हाउस ऑर अ फ्लॅट?' इतका साधा प्रश्न. नाशिकच्या इंदिरानगरमधल्या रो हाउसमधला मुलगा उत्तर देतो, 'आय लिव्ह इन अ बंगलो.' पंचवटीतल्या वाड्यात दोन खोल्या भाड्याने घेतलेल्या घरातली मुलगी म्हणते, 'आय लिव्ह इन अ मॅन्शन.' दोघांनीही शब्दांची यादी मन लावून पाठ केलेली असते. गडबड क्रमात होते. गेटवरच्या पाटीवरचा शब्द आधी पकडायचा आणि मग त्याचा इंग्रजी जोडीदार शोधायचा, अशी सवय लागलेली असते. घराकडे कुणी बघतच नाही.

म्हणून क्रम उलटा करायचा. आधी घराच्या भिंती, दार आणि जिना बघायचा. त्यावरून शब्द निवडायचा. मग ऐकणारा कुठल्या देशातला आहे ते पाहून लागला तर तो बदलायचा. परीक्षा असो, परदेशात खोली शोधणं असो किंवा तिथल्या घरमालकाला पाठवायची मेल असो, क्रम हाच ठेवा.

## तयारी: दाराबाहेर उभं राहून पाच उत्तरं

वही घेऊन खरोखर घराबाहेर जा. पुढच्या पाच प्रश्नांची उत्तरं मराठीतच लिहा. इंग्रजी शब्द अजून डोक्यात आणू नका.

१. पूर्ण इमारत तुमच्याकडे आहे की इमारतीचा एक भाग?
२. शेजारच्या घराशी किती भिंती सामाईक आहेत? एकही नाही, एक, की दोन?
३. तळमजला धरून घराचे एकूण मजले किती?
४. तुमचं दार अंगणात किंवा रस्त्यावर उघडतं की सामाईक जिन्यात?
५. घर मालकीचं, भाड्याचं की नोकरीसोबत मिळालेलं?

सावधान: इमारतीचं नाव आणि बिल्डरच्या जाहिरातीतले शब्द या वहीत येऊ देऊ नका. पाटीवर 'व्हिला', 'पॅलेस' किंवा 'मॅन्शन' लिहिलं म्हणून घराची जात बदलत नाही.

## टप्पा १: पूर्ण इमारत की भाग?

इथेच पहिली फाटाफूट होते. पूर्ण इमारत एका कुटुंबाची असेल तर तुमचा शब्द 'हाउस'च्या घराण्यातला. मोठ्या इमारतीतलं एक बिऱ्हाड असेल तर 'फ्लॅट' किंवा 'अपार्टमेंट'. ब्रिटनमध्ये 'फ्लॅट' जास्त चालतो, अमेरिकेत 'अपार्टमेंट'. ऑस्ट्रेलियात 'युनिट'ही म्हणतात.

आपल्याकडची सगळ्यात घट्ट बसलेली चूक इथे होते. नाशिकमध्ये 'अपार्टमेंट' हे इमारतीचं नाव झालं आहे. त्यामुळे 'देअर आर ट्वेल्व्ह फ्लॅट्स इन अवर अपार्टमेंट' असं वाक्य अगदी सहज तोंडात येतं. इंग्रजीत अपार्टमेंट म्हणजे एकच बिऱ्हाड, म्हणजे ऐकणाऱ्याला एका फ्लॅटमध्ये बारा फ्लॅट दिसू लागतात. इथे 'इन अवर बिल्डिंग' म्हणा.

'सोसायटी'चंही तेच. 'आय लिव्ह इन अ सोसायटी' ऐकून परदेशी माणसाला समाज आठवतो. कंपाउंडच्या आत चार-पाच इमारती असतील तर 'हाउसिंग कॉम्प्लेक्स' म्हणा. 'कॉलनी' या शब्दाने त्याला साम्राज्याची वसाहत आठवते. त्याच्यासाठी 'नेबरहुड' किंवा 'रेसिडेन्शियल एरिया' बरा.

वरच्या मजल्यावरचा फ्लॅट म्हणजे पेंटहाउस, हाही गैरसमज आहे. पेंटहाउस हे सगळ्यात वरच्या मजल्यावरचं आलिशान, बहुधा मोठ्या गच्चीसह असलेलं घर. साध्या इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल तर 'अ टॉप-फ्लोअर फ्लॅट' एवढं पुरे. एकाच खोलीत झोपणं, बसणं आणि स्वयंपाक, शिवाय वेगळं बाथरूम असेल तर ब्रिटनमध्ये 'स्टुडिओ फ्लॅट', अमेरिकेत 'स्टुडिओ अपार्टमेंट'. आपल्याकडच्या वन आरकेला हा शब्द बऱ्यापैकी जुळतो, पण वन आरकेत स्वयंपाकघर भिंतीने वेगळं असेल तर तसं सांगावं लागेल.

## टप्पा २: भिंती मोजा

हा टप्पा फक्त 'हाउस'वाल्यांसाठी आहे. फ्लॅटवाल्यांनी थेट टप्पा ३ वर जावं.

चारही बाजूंनी मोकळं घर म्हणजे 'डिटॅच्ड हाउस'. उच्चार 'डिटॅच्ट' असा, शेवटी 'ट' ऐकू आला पाहिजे. गंगापूर रोड किंवा कॉलेज रोडच्या आतल्या गल्ल्यांमधले, आजूबाजूला बाग असलेले दुमजली बंगले याच प्रकारचे. अमेरिकेत यालाच 'सिंगल-फॅमिली होम' म्हणतात.

एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक असेल, म्हणजे आपला ट्विन बंगला, तर ब्रिटिश इंग्रजीत 'सेमी-डिटॅच्ड हाउस'. बोलताना ते नुसतं 'सेमी' म्हणतात.

रांगेतलं, दोन्ही बाजूंना भिंती चिकटलेलं घर म्हणजे आपलं रो हाउस किंवा रो बंगला. ब्रिटनमध्ये ते 'टेरेस्ड हाउस'. अमेरिकेत 'रो हाउस' शब्द समजतो, 'टाउनहाउस'ही चालतो. रांगेच्या टोकाला असाल तर ब्रिटनमध्ये 'एंड-ऑफ-टेरेस', आणि ते सांगणं फायद्याचं, कारण त्या घराला तिसऱ्या बाजूने उजेड असतो हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

'टेरेस्ड' आणि आपली 'टेरेस' यांची गल्लत करू नका. आपण गच्चीला टेरेस म्हणतो. 'अवर हाउस इज टेरेस्ड' म्हटलं तर ब्रिटिश माणसाला रांगेतलं घर दिसेल, गच्ची दिसणार नाही. गच्चीसाठी 'फ्लॅट रूफ', आणि तिथे बसायची सोय असेल तर 'रूफ टेरेस'.

नाशिकच्या सिडको वसाहतीतली घरं इथे थोडा वेळ मागतात, कारण त्यांच्याबाबत विद्यार्थी हमखास अडखळतात. मूळ घर छोटं, बैठं, शेजाऱ्यांना चिकटलेलं. पुढे मालकाने वर स्लॅब टाकून एक मजला चढवला, कुणी दोन. बाहेरून लोखंडी जिना काढला, वर भाडेकरू ठेवला. वर्गात प्रश्न येतो, "मॅडम, पाटीवर बंगला लिहिलंय, लाइट बिलावर घर नंबर आहे, आणि वरच्या मजल्यावर भाडेकरू. काय म्हणू?"

भिंती बघ, मग आपोआप सापडतं. दोन्ही बाजूंना भिंती सामाईक, म्हणून 'टेरेस्ड हाउस'. पूर्ण घर तुमचं असेल तर 'वी ओन अ स्मॉल टेरेस्ड हाउस. वी लिव्ह ऑन द ग्राउंड फ्लोअर अँड रेंट आउट द अपर फ्लोअर.' तुम्ही वरचे भाडेकरू असाल तर 'वी रेंट द अपर फ्लोअर ऑफ अ टू-स्टोरी हाउस.' ही दोन वाक्यं सिडकोतल्या बहुतेक घरांना बसतात.

तपासणी: आत्तापर्यंत वहीत एकच इंग्रजी शब्द आलेला असावा. दोन आले असतील तर प्रश्न १ आणि २ ची उत्तरं पुन्हा वाचा.

## टप्पा ३: मजले मोजा, आणि 'बंगलो' जपून वापरा

ब्रिटिश कानाला 'बंगलो' म्हणजे बैठं घर, एकाच मजल्याचं. देवळाली कॅम्पमधले जुने बैठे, कौलारू, व्हरांड्याचे बंगले या अर्थात नीट बसतात. गंगापूर रोडचा दुमजली बंगला मात्र 'बंगलो' म्हटला की परीक्षक गोंधळेल, विशेषतः पुढच्याच वाक्यात तुम्ही 'माय बेडरूम इज अपस्टेअर्स' म्हणालात तर. दुमजली बंगल्याला 'अ टू-स्टोरी डिटॅच्ड हाउस' म्हणा. भारतीय श्रोत्याशी बोलत असाल तर 'बंगलो' बिनधास्त चालेल.

स्पेलिंगही बघून ठेवा: बी-यू-एन-जी-ए-एल-ओ-डब्ल्यू. आपल्याकडच्या पाट्यांवर मधला 'ए' सर्रास गळतो. 'अपार्टमेंट'मध्ये 'पी' एकच.

मजल्यांच्या मोजणीत अमेरिका वेगळी आहे. आपण आणि ब्रिटन तळमजल्याला 'ग्राउंड फ्लोअर' म्हणतो आणि त्याच्या वरच्याला 'फर्स्ट'. अमेरिकेत जमिनीलगतचा मजलाच बहुधा 'फर्स्ट फ्लोअर' असतो. तुमचा तिसरा मजला अमेरिकन माणसाच्या हिशोबात चौथा होतो. अमेरिकेत भाड्याने घर बघताना 'फर्स्ट फ्लोअर' वाचून गॅलरीतून दृश्य दिसेल अशी आशा ठेवू नका.

मजल्याला दोन शब्द आहेत आणि दोघांचं काम वेगळं. तुम्ही कुठल्या मजल्यावर राहता हे सांगायला 'फ्लोअर': 'ऑन द थर्ड फ्लोअर'. इमारत किती मजली हे सांगायला 'स्टोरी': 'अ फाइव्ह-स्टोरी बिल्डिंग'. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये 'स्टोरी'च्या शेवटी 'ई-वाय' येतो, अमेरिकन स्पेलिंग गोष्टीच्या 'स्टोरी'सारखंच. 'जी प्लस फोर' हे बिल्डरचं बोलणं आहे, परदेशात ते 'फाइव्ह-स्टोरी' करा.

सावधान, ड्युप्लेक्स: नाशिकच्या जाहिरातीत ड्युप्लेक्स म्हणजे आतून जिना असलेलं दोन मजल्यांचं घर. अमेरिकेत 'ड्युप्लेक्स' म्हणजे बहुधा दोन कुटुंबांसाठी दोन वेगळी बिऱ्हाडं असलेली एक इमारत. फ्लॅटच्या आत जिना असेल तर ब्रिटनमध्ये 'मेझनेट' म्हणतात, बहुधा त्याला स्वतंत्र बाहेरचं दार असतं. शंका असेल तर 'अ फ्लॅट ऑन टू फ्लोअर्स' म्हणा. हे सगळीकडे समजतं.

## टप्पा ४: नाव नसलेल्या घरांसाठी

वाडा, चाळ, कुडाचं घर, धाब्याचं घर. यांना इंग्रजीत तयार शब्द नाही, आणि जबरदस्तीने शोधला की नुकसान होतं. शब्दकोशात वाड्यासमोर बऱ्याचदा 'मॅन्शन' सापडतं. मॅन्शन म्हणजे श्रीमंताचं अवाढव्य घर. सराफ बाजारातल्या सरकारवाड्याला फार तर तो शब्द पेलेल. पण रविवार कारंजाजवळच्या गल्लीत एका वाड्यात चार-पाच भाडेकरू राहत असतील तर तिथे मॅन्शन म्हणणं चुकीची माहिती देणं आहे.

पद्धत अशी: आपला शब्द तसाच म्हणा, क्षणभर थांबा, आणि लगेच एका ओळीत घर दाखवा.

वाडा: 'वी लिव्ह इन अ वाडा, अ ट्रॅडिशनल हाउस बिल्ट अराउंड अ कोर्टयार्ड.' सागवानी खांब असतील तर 'विथ वुडन पिलर्स' जोडा. चौक म्हणजे 'कोर्टयार्ड', इथे 'स्क्वेअर' म्हणू नका, ते रस्त्यावरचं.

चाळ: 'अ चॉल, अ बिल्डिंग व्हेअर फॅमिलीज लिव्ह इन वन ऑर टू रूम्स अलाँग अ शेअर्ड बाल्कनी.'

कुडाचं घर: पेठ-सुरगाण्याकडून शिकायला आलेली मुलं बरेचदा संकोचाने 'हट' म्हणतात. 'हट' म्हणजे अगदी छोटी, साधी झोपडी. कारवीच्या काठ्यांचे कूड आणि वर माती-शेणाचा लेप असलेल्या पाच खोल्यांच्या घराला हा शब्द लावू नका. त्या बांधणीला इंग्रजीत नेमकं नाव आहे, 'वॉटल अँड डॉब', आणि जुन्या इंग्लंडमधली कित्येक घरंही तशीच बांधलेली आहेत. म्हणा, 'अवर हाउस हॅज वॉटल-अँड-डॉब वॉल्स अँड अ टाइल्ड रूफ.' परीक्षक मान वर करून ऐकेल.

धाब्याचं घर: 'अ हाउस विथ अ फ्लॅट मड रूफ.'

झोपडपट्टीबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. 'स्लम' म्हणजे वस्ती, एक घर नव्हे. 'आय लिव्ह इन अ स्लम हाउस' असं म्हणायची गरज नाही. घर पत्र्याचं असेल तर 'अ स्मॉल हाउस विथ अ टिन रूफ' म्हणा. खरं आहे आणि मान राखणारं आहे.

फार्महाउस, कॉटेज आणि व्हिला हे तीन शब्द जाहिरातींनी बिघडवले आहेत. इंग्रजीत 'फार्महाउस' म्हणजे शेतकऱ्याचं शेतावरचं राहतं घर. गंगापूर धरणाकडे शनिवार-रविवारी जायला बांधलेल्या घराला 'वीकेंड होम' म्हणा. गावाकडे मळ्यात राहणाऱ्यांनी मात्र 'फार्महाउस' अभिमानाने वापरावा, तो त्यांचाच शब्द आहे. 'कॉटेज' म्हणजे खेड्यातलं छोटं, जुन्या धाटणीचं घर, उच्चार 'कॉटिज'. 'व्हिला' ब्रिटिश माणसाला सुट्टीत राहायचं, बाग किंवा पोहण्याचा तलाव असलेलं घर वाटतं.

## टप्पा ५: क्वार्टर्स, होस्टेल, पीजी

नाशिकरोडला सरकारी छापखान्याच्या, म्हणजे प्रेसच्या, क्वार्टर्समध्ये किंवा देवळालीला लष्करी वसाहतीत वाढलेल्यांनी 'क्वार्टर्स' कायम अनेकवचनी ठेवावा. 'अ क्वार्टर' म्हटलं की पाव भाग होतो. सोपं वाक्य: 'वी लिव्ह इन स्टाफ क्वार्टर्स प्रोव्हायडेड बाय माय फादर्स एम्प्लॉयर.'

परदेशी विद्यापीठाला मेल लिहिताना 'होस्टेल' टाळा. तिकडे होस्टेल म्हणजे प्रवाशांना रात्रीपुरतं स्वस्त बिछाना देणारी जागा. ब्रिटनमध्ये 'हॉल ऑफ रेसिडेन्स', अमेरिकेत 'डॉर्म' म्हणतात. 'पीजी' तर तिकडे कुणाला समजणारच नाही. 'आय रेंट अ रूम इन अ फॅमिली होम' असं सांगा. ज्यांच्यासोबत राहता ते ब्रिटनमध्ये 'फ्लॅटमेट'. तिथे 'रूममेट' म्हणजे एकाच खोलीत झोपणारा. अमेरिकेत दोघांनाही 'रूममेट' चालतो.

'कॉन्डो' हा शब्द अमेरिका-कॅनडाच्या जाहिरातीत दिसेल. दिसायला अपार्टमेंटच, पण प्रत्येक बिऱ्हाडाची मालकी वेगळी.

## टप्पा ६: वाक्य बांधा

शब्द बरोबर निवडूनही वाक्यात मार खाणारे खूप आहेत. या जागा एकेक करून तपासा.

*आकड्यानंतरचं अनेकवचन.* 'अ टू-बेडरूम फ्लॅट', 'अ थ्री-स्टोरी बिल्डिंग'. इथे 'बेडरूम्स' नको. आणि 'बीएचके' परदेशात समजत नाही; टू बीएचके म्हणजे 'टू-बेडरूम'.

*शब्दयोगी अव्यय.* 'इन अ फ्लॅट', 'ऑन द थर्ड फ्लोअर', 'इन पंचवटी', 'ऑन कॉलेज रोड'. मराठीत सगळीकडे 'मध्ये' आणि 'वर' चालतं, म्हणून 'इन थर्ड फ्लोअर' येतं. 'द' विसरू नका.

*स्वतःचं घर.* 'वी हॅव ओन हाउस' चूक, 'वी हॅव अवर ओन हाउस' बरोबर. 'ओन'च्या आधी कुणाचं ते लागतंच.

*भाडं.* 'वी लिव्ह ऑन रेंट' हे आपलं 'भाड्याने राहतो' आहे. 'वी रेंट अ फ्लॅट' म्हणा. घर देणारा 'लँडलॉर्ड' किंवा 'लँडलेडी'.

*'आय ॲम लिव्हिंग'.* कायमच्या घरासाठी 'आय लिव्ह'. चार महिने मावशीकडे राहत असाल तरच 'आय ॲम लिव्हिंग'.

*खोल्या.* आपला 'हॉल' तिकडे 'लिव्हिंग रूम'. ब्रिटनमध्ये 'हॉल' म्हणजे दारातून आत आल्यावरचा पॅसेज. आपली 'गॅलरी' म्हणजे 'बाल्कनी'. तिकडे गॅलरीत चित्रं टांगतात. स्वयंपाकाचा ओटा ब्रिटनमध्ये 'वर्कटॉप', अमेरिकेत 'काउंटर'.

*अनेकवचनाचा उच्चार.* 'हाउसेस' नाही, 'हाउझिझ'.

तपासणी: आता तुमच्याकडे तीन वाक्यं असावीत: घराचा प्रकार, जागा, मालकी किंवा भाडं. एक नमुना: 'आय लिव्ह इन अ टू-बेडरूम फ्लॅट ऑन द थर्ड फ्लोअर ऑफ अ फाइव्ह-स्टोरी बिल्डिंग. इट्स इन इंदिरानगर, अ क्वाएट रेसिडेन्शियल एरिया इन नाशिक. माय पेरेंट्स ओन इट.' याहून लांब उत्तर पाठ करू नका. पाठांतराचा सूर परीक्षकाला ओळखू येतो.

## टप्पा ७: फॉर्म भरताना हे सगळं बाजूला ठेवा

बोलताना 'टेरेस्ड हाउस' म्हणायचं ठरवलं म्हणून पासपोर्टच्या किंवा व्हिसाच्या फॉर्ममध्ये पत्ता बदलायचा नाही. आधार, लाइट बिल किंवा इंडेक्स टूवर (घराच्या खरेदी-नोंदणीच्या उताऱ्यावर) 'रो हाउस क्र. ४' असेल तर फॉर्मवरही तेच, त्याच स्पेलिंगने. पत्ता हे भाषांतर करायचं वाक्य नसतं. तो कागदाशी जुळला पाहिजे. कागदावर 'बंगलो'चं स्पेलिंगच चुकलेलं असेल तर फॉर्ममध्ये परस्पर सुधारू नका, मूळ कागद दुरुस्त करून घ्या.

क्षेत्रफळ विचारलं असेल तर कुठलं क्षेत्रफळ ते आधी वाचा. रेरा कायदा २०१६ (बिल्डर आणि घरखरेदीच्या नियमनाचा कायदा) नुसार कार्पेट एरियात घराच्या आतल्या विभाजक भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. परदेशी फॉर्ममध्ये 'कार्पेट एरिया' हा शब्द सहसा नसतो, 'फ्लोअर एरिया' असतो. चौरस मीटर मागितलं तर चौरस फुटांना १०.७६ ने भागा: ७०० चौरस फूट म्हणजे साधारण ६५ चौरस मीटर.

## शेवटची चाचणी

तुमचं घर कधीच न पाहिलेला एखादा मित्र निवडा. तुमची तीन इंग्रजी वाक्यं त्याला मोठ्याने वाचून दाखवा आणि ऐकून घराचं चित्र काढायला सांगा. काही समजावून सांगू नका, विचारलं तरी नाही. चित्र झालं की तयारीच्या पाच उत्तरांशी ताडून बघा. भिंती चुकल्या तर टप्पा २ कडे परत जा, मजला चुकला तर टप्पा ३ कडे. वाड्याच्या चित्रात चौक आलाच नाही, तर 'कोर्टयार्ड' हा शब्द तुम्ही घाईत गिळलात. तो सावकाश म्हणा आणि पुन्हा वाचून दाखवा.